फळी उचलता आली पाहिजे: बोटीच्या केबिनमधल्या फ्लोअरिंगचा परखड आढावा

निकाल आधीच सांगून टाकतो. कोकण-गोवा किनाऱ्यावरच्या तीस-चाळीस फुटी फायबर बोटीच्या केबिनमध्ये खाली १२ मिमी मरीन प्लाय, तिचं पोट आणि सगळ्या कडा इपॉक्सीने बंद केलेल्या, आणि वर बसमध्ये घालतात ती २ मिमी जाडीची पीव्हीसी अँटिस्किड शीट, हा जोड आज सगळ्यात टिकाऊ आणि खिशाला सोसणारा आहे. दहापैकी साडेआठ गुण. दीड गुण कुठे कापला ते पुढे येईलच. दुकानात गेलात की याच कामासाठी सात-आठ वेगळ्या वस्तू दाखवतात, आणि त्यातल्या निम्म्या घराच्या हॉलसाठी बनलेल्या असतात.

घराची जमीन वरून झिजते, बोटीची खालून कुजते. केबिनच्या फळ्यांखाली बिल्ज असते, म्हणजे बोटीच्या तळाशी पाणी साचणारी पोकळी. तिथे छपराच्या फटीतून उतरलेलं पावसाचं पाणी, पंख्याचा शाफ्ट बाहेर जातो तिथल्या ग्लँडमधून थेंब-थेंब येणारं खारं पाणी, बर्फाच्या खणातला पाझर आणि इंजिनाचं थोडंफार डिझेल असं सगळं एकत्र नांदत असतं. दुपारी केबिन तापली की त्याची वाफ वर उठून थेट फळीच्या पोटाला लागते. खाऱ्या पाण्याला सगळे घाबरतात, पण लाकूड कुजवतं ते गोडं पाणी. मीठ बुरशीला बरंच आवरून धरतं. पावसाचं पाणी तिला खतपाणी घालतं. म्हणून खिडकीखालची आणि दाराजवळची फळी आधी जाते, मधली नंतर.

त्याच बिल्जमध्ये पंपाची जाळी असते, इंजिनाला समुद्राचं पाणी देणारा व्हॉल्व्ह असतो, पाइपांचे क्लॅम्प असतात. पाणी भरू लागलं की तांडेलाला (बोट चालवणाऱ्या प्रमुखाला) ती जागा अंधारातही, एका हाताने, काही सेकंदांत उघडता आली पाहिजे. ज्या फ्लोअरिंगखालची फळी उचलता येत नाही ते कितीही वॉटरप्रूफ असो, केबिनमध्ये नको. खालचे सगळे गुण याच कसोटीवर दिले आहेत.

काय काय विकलं जातं

घरगुती लॅमिनेट, म्हणजे लाकडाच्या भुशाचा दाबून केलेला बोर्ड आणि वर लाकडाचं चित्र: शून्य गुण. डब्यावर ‘चोवीस तास पाणीरोधक’ छापलेलं असतं, ते वर सांडलेल्या पाण्याबद्दल असतं. खालून आलेल्या वाफेने कडा फुगतात आणि एकदा फुगलेली कड परत बसत नाही. गालिचाबद्दल एवढंच की पहिल्या पावसाळ्यानंतर त्याचा वास केबिनभर होतो आणि तो वास गालिचा फेकल्यावरही आठवडाभर जात नाही.

एसपीसी हे सध्याचं लाडकं नाव. दगडाची पूड आणि पीव्हीसी यांची कडक पट्टी, कडेला क्लिकची खाच. पाण्याने फुगत नाही, हे खरं. पण ४ मिमी पट्टीचं वजन चौरस मीटरला साधारण ८ किलो भरतं, आणि क्लिकची जीभ अगदी बारीक असते. लाटेवर बोटीचं अंग पिळवटतं, खालची फळी किंचित वाकते, आणि ती जीभ तुटते. त्याहून मोठी अडचण म्हणजे ही पट्टी एका सलग चादरीसारखी बसते. पंपापर्यंत पोचायचं तर भिंतीपासून एकेक पट्टी सोडवत यावं लागतं. दरम्यान खाली शिरलेलं पाणी दोन थरांच्या मध्ये अडकून बसतं. खाडीच्या शांत पाण्यात कायम बांधून ठेवलेल्या हाउसबोटीला पाच गुण देऊ, समुद्रात जाणाऱ्या बोटीला दोन.

डब्ल्यूपीसी, म्हणजे लाकडाचा भुसा आणि प्लॅस्टिक यांचा बोर्ड, प्लायच्या ऐवजी वापरायचा मोह अनेकांना होतो, कारण तो कुजत नाही. पण त्याचा ताठपणा प्लायपेक्षा कितीतरी कमी, स्क्रू धरायची ताकदही कमी, आणि मे महिन्यात बंद केबिनमध्ये तो नरम पडतो. १८ मिमी बोर्डसुद्धा ३०० मिमीच्या अंतरावर टेकवला तर वर्षभरात झोळीसारखा खोल जातो. घ्यायचाच तर टेकू २०० मिमीवर द्या. मग लाकूडही वाढलं आणि वजनही, म्हणजे साधलं काय?

ईव्हीए फोमच्या चादरी हौशी स्पीडबोटवाल्यांत लोकप्रिय आहेत. ६ मिमी जाडी, मागे चिकट थर, वर सागवानी पट्ट्यांची नक्षी कोरलेली. पायाला मऊ, ओल्या पायाने घसरत नाही, आवाज दबतो. सहलीच्या बोटीला सात गुण. मासेमारीच्या बोटीला तीनच. गॅसच्या सिलिंडरचं बूड बसलं की कायमचा खळगा, गळाचं टोक किंवा माशाचा काटा लागला की ओरखडा, आणि डिझेलचा डाग जात नाही. दाराजवळ ऊन येतं तिथे रंग उडतो आणि कोपरे सुटू लागतात. शिवाय हा फोम चांगलाच पेट घेतो, त्यामुळे स्टोव्ह असलेल्या केबिनमध्ये आम्ही तो सुचवणार नाही.

रबरी मॅट नुसती अंथरून ठेवली तर सोयीची, चिकटवली तर त्रासाची. साधं नैसर्गिक रबर डिझेल-ऑइलने फुगतं. इंजिनाच्या बाजूला नायट्राइल रबरच हवं. आणि एक गोष्ट दुकानदार सांगत नाही: पीव्हीसी शीटवर काळी रबरी मॅट कायमची पसरून ठेवली तर रबरातलं रसायन शीटमध्ये उतरतं आणि तपकिरी-पिवळा डाग पडतो. तो डाग आतपर्यंत गेलेला असतो. साबणाने काय, कशानेच निघत नाही.

सागवानाबद्दल लिहायचं तर हात आखडता घेता येत नाही. विनाव्हार्निश, १८-२० मिमी जाडीच्या सागाच्या पट्ट्या, मध्ये फट ठेवून आडव्या लाकडांवर बसवलेल्या, हा जुन्या लाकडी बोटींचा प्रकार अजूनही अव्वल आहे. गोंद लागत नाही, पाणी फटीतून खाली जातं, आणि सागाच्या अंगच्या तेलामुळे लाकूड स्वतःला सांभाळतं. पण किंमत! आणि फटीतून मीठ, खवले, भाताची शितं, सगळंच खाली जातं, ते उपसणार कोण? यॉटवाल्यांना आवडणारी गडद सागात फिकट पट्ट्यांची प्लाय दिसायला सुंदर असते, पण तिच्यावरचा सागाचा पापुद्रा बहुतेक वेळा अर्ध्या मिमीच्या आसपास असतो. एकदा पॉलिशपेपर जास्त चालला की खालचा थर डोकावतो. घेण्याआधी कापलेल्या कडेवर पापुद्र्याची जाडी डोळ्यांनी पाहा. चकचकीत व्हार्निश केलंत तर ओल्या पायाला ती काचच. दिसण्याला नऊ, रोजच्या वापराला सहा.

ज्यांचं बजेट खरोखर तंग आहे त्यांनी वर काहीच चिकटवू नये. इपॉक्सीने बंद केलेल्या प्लायवर इपॉक्सी प्रायमर, त्यावर दोन हात पॉलियुरेथेन रंग, आणि पहिला हात ओला असताना चाळणीने बारीक, धुऊन वाळवलेली वाळू पेरायची. सुकल्यावर सुटी वाळू झाडून दुसरा हात. कुजण्याच्या बाबतीत हे पीव्हीसीपेक्षाही बरं, कारण पाणी अडकायला थरच नाही. साडेसहा गुण. खलाशी त्याच जमिनीवर जेवतात आणि झोपतात, तेव्हा वाळूचा हात हलका ठेवा. नाहीतर दर दोन-तीन रात्रींनी चटई फाटेल.

पीव्हीसी शीट घेताना

बसच्या शीटचा रोल बहुधा २ मीटर रुंद येतो. २ मिमी जाडीची घ्या. १.२-१.५ मिमीची स्वस्त शीट खालच्या प्लायवरचा प्रत्येक खडा आणि स्क्रूचं डोकं वर दाखवते, ३ मिमीची वजनदार असून काही जास्त देत नाही. वरच्या थरात कठीण खडीचे कण असलेली शीट ओल्या पायाला धरते. घसरण्याच्या मापात आर-१० म्हणून विकली जाते ती केबिनला पुरते. आर-११, आर-१२ बाहेरच्या डेकला ठीक, आत तिच्या खाचांत मळ रुतून बसतो आणि गुडघे सोलवटतात.

तुकडा मागून घ्या आणि तीन गोष्टी करा, पहिल्या दोन दुकानातच. तो घडी पडेल असा दुमडा: घडीवर पांढरी रेघ उमटली तर त्यात चुनखडीची भर जास्त आहे, अशी शीट एक-दोन हंगामांत कडेला तडकते. नखाने, मग किल्लीने ओरखडा काढा: खालचा थर वेगळ्या रंगाचा दिसला तर वरचं नुसतं छापील चित्र आहे. तिसरं घरी नेऊन करा: डिझेलचे चार थेंब टाकून वर वाटी पालथी घाला आणि रात्रभर ठेवा. डिझेल पीव्हीसीतला मऊपणा आणणारा द्रव ओढून घेतं, म्हणून थोडी कडक प्रत्येक शीट होते. पण सकाळी तुकड्याने कड वर उचलली असेल तर तो माल इंजिनाजवळ नको. आमचा पहिला कापलेला गुण याच डिझेलचा. उरलेला अर्धा गुण गरम भांड्यांचा: स्टोव्हवरून उतरवलेला टोप शीटवर टेकवला की गोल डाग कायमचा. स्टोव्हपाशी दोन बाय दोन फुटांचा स्टेनलेस पत्रा मारला की तो प्रश्न मिटतो.

रंग फिकट करडा, त्यावर गडद ठिपके. पांढऱ्यावर सगळं दिसतं, काळ्यावर पाय भाजतात. बिल्जमध्ये हरवलेला नटबोल्ट शोधायलाही करड्या केबिनमध्ये उजेड जास्त मिळतो, ही फुकटची सोय.

प्लाय: इथे कंजुषी नको

आयएस ७१० (मरीन प्लायचं भारतीय मानक) शिक्क्याचीच प्लाय. या मानकात तुकडा ७२ तास उकळत्या पाण्यात ठेवून गोंद तपासतात. ‘वॉटरप्रूफ’, ‘बीडब्ल्यूआर’ (उकळत्या पाण्याला तोंड देणारी), ‘मरीन टाइप’ असं नुसतं छापलेलं असेल तर ती आयएस ७१० नव्हे; बीडब्ल्यूआरचं मानक वेगळं, आयएस ३०३. शिक्क्याखाली ‘सीएम/एल’ने सुरू होणारा परवाना क्रमांक असतो, तो भारतीय मानक ब्युरोच्या बीआयएस केअर ॲपमध्ये टाकला की कारखान्याचं नाव येतं. शिक्का एका कारखान्याचा आणि बिल दुसऱ्याचं असेल तर दुकान बदला.

तरीही शिक्क्यावर सगळं सोडू नका. कडेला डोळा लावून आतल्या थरांतल्या फटी पाहा. फट म्हणजे पाण्याची गल्ली: एका कडेने शिरलेलं पाणी दुसऱ्या कडेपर्यंत पोचतं. नख सहज आत जाईल एवढी फट असलेली शीट परत करा. खात्री करायची असेल तर दोन इंची तुकडा घरच्या पातेल्यात आठ-दहा तास उकळा. थर सुटला, कड उमलली, तर निर्णय झाला.

८ × ४ फुटांची १२ मिमी शीट साधारण २५ किलो भरते. १८ मिमी घेण्याचा आग्रह सुतार धरतो, कारण घरच्या कामाची सवय. टेकू ३०० मिमीवर असतील तर १२ मिमी पुरते, आणि वाचलेलं वजन थेट फळी उचलणाऱ्याच्या कमरेतून वाचतं.

८ × ६ फुटी केबिनचा हिशेब आणि बसवणी

केबिन आत २.४ मीटर लांब, १.८ मीटर रुंद धरू, म्हणजे ४.३ चौरस मीटर. सहा फळ्या करा, प्रत्येक साधारण १.२ × ०.६ मीटर. मधल्या रांगेतल्या दोन बिल्जवर येतात आणि बाजूच्यांना हात न लावता उचलता येतात. एका प्लाय शीटमधून अशा चार फळ्या निघतात, म्हणजे दीड शीट लागते. दोन घ्या, उरलेल्या अर्ध्यात पट्ट्या आणि चुकीची भरपाई होते. शीट, इपॉक्सी धरूनही एक फळी नऊ किलोच्या आत राहते.

आडव्या टेकूंसाठी ५० × ४० मिमी सागवान, ३०० मिमी अंतराने नऊ तुकडे, एकूण १६.२ मीटर, १८ मीटर आणा. मधला, १.२ मीटरवरचा टेकू ८० मिमी रुंद हवा, कारण दोन फळ्यांच्या कडा त्याच्यावर टेकतात. प्रत्येक टेकूला सगळ्यात खोल जागी २५ मिमीचं भोक पाडा, नाहीतर बिल्जचे आठ हौद होतील आणि पंपापर्यंत पाणी पोचणारच नाही. भोकाच्या आतल्या कडेलाही इपॉक्सी लागलंच पाहिजे, तिथूनच कुजायला सुरुवात होते. टेकू फायबरच्या अंगाला मॅट-रेझिनच्या पट्ट्यांनी जोडायचे. तळाच्या फायबरमध्ये स्क्रू मारायचा विचारही नको.

पाणसळ आणि ओळंबा इथे फसवतात. किनाऱ्यावर ओढलेली बोट कधीच सरळ उभी नसते, आणि तिरक्या बोटीत पाणसळीने सरळ बसवलेली जमीन पाण्यात गेल्यावर तिरकी होते. आधी बाहेरून दोन्ही बाजूंना रंगवलेली पाण्याची रेघ पाण्याच्या नळीने एका पातळीत आणा, खाली पाचरी मारून. मग आत पाणसळ वापरा. एवढा खटाटोप शक्य नसेल तर दाराचा उंबरठा आणि इंजिनाकडची आडवी भिंत यांना दोरी बांधून त्या दोरीवर टेकू मिळवा.

बाजूच्या फळ्यांचा फर्मा (कापायच्या आकाराचा साचा) ४ मिमी प्लायच्या कापलेल्या पट्ट्यांचा करा. बोटीचं अंग खाली निमुळतं होत जातं, म्हणून फळीची खालची कड वरच्या कडेपेक्षा आत हवी. कोन बदलता येणाऱ्या गुण्याने दर ३०० मिमीवर कोन घ्या आणि फर्म्यावरच पेन्सिलीने लिहा, कारण नाळेकडे (बोटीच्या पुढच्या टोकाकडे) तो कोन झपाट्याने बदलतो. काटकोनात कापलेली फळी वरून बरोबर बसल्यासारखी वाटते, पण तिची खालची कड फायबरला घासते. चार महिन्यांत तिथलं इपॉक्सी निघतं आणि रात्रभर करकर चालू. अंगाशी ५ मिमी आणि दोन फळ्यांमध्ये ३ मिमी फट ठेवा. ‘अगदी घट्ट बसलीय’ असं सुतार कौतुकाने सांगेल. घट्ट बसलेली फळी पावसात ओली झाली की पहारीनेच निघते.

सगळी कापाकापी, भोकं, खाचा आधी संपवा, सहाही फळ्या कोरड्या बसवून पाहा, आणि मगच इपॉक्सीला हात लावा. नंतर मारलेलं एक भोक सगळ्या मेहनतीवर पाणी फिरवतं, अक्षरशः. उचलण्यासाठी २५ मिमीचं बोटभर भोक पुरतं. खाली दबणारी कडी हवी असेल तर एसएस ३१६ (स्टेनलेस स्टीलचा एक प्रकार) याचीच, आणि तीही पृष्ठभागाखाली बसणारी. स्क्रूच्या जागी आधी ८ मिमी भोक पाडून त्यात घट्ट केलेलं इपॉक्सी भरा, ते कडक झाल्यावर त्याच्या मध्यात स्क्रूचं बारीक भोक. मग स्क्रू लाकडाला शिवतच नाही. एसएस ३०४ दिसायला सारखाच असतो, पण खाऱ्या हवेत त्याला तांबूस टिपके येतात. ३१६मध्ये मॉलिब्डेनम असतं, म्हणून तो तग धरतो. चुंबकाने दोन्हींतला फरक कळत नाही, त्यामुळे डोक्यावरचा ठसा पाहून घ्या.

इपॉक्सी हार्डनरसकट साडेतीन किलो. पोटाला तीन हात, वर दोन, कडांना चार. कड स्पंजासारखी पिते. ब्रश फिरवत राहा, पिणं थांबेपर्यंत. वेळ दुपारी चारनंतरची निवडा. उन्हं उतरताना लाकूड गार होतं, आतली हवा आकसते आणि इपॉक्सी आत ओढलं जातं. सकाळी लावलंत तर तापत्या लाकडातून हवा बाहेर येते आणि पृष्ठभागावर फोडांसारखे बुडबुडे राहतात. शेवटचा हात कडक झाल्यावर त्यावर मेणचट, तेलकट पापुद्रा येतो. तो साध्या पाण्याने आणि भांडी घासायच्या हिरव्या घासणीने धुऊन काढा, पुसा, वाळवा, आणि मगच ८० नंबरचा पॉलिशपेपर. धुण्याआधी घासलंत तर तो मेणचटपणा पेपर आणखी आत रगडतो आणि वरची शीट सुटते.

गोंद, जिथे सगळे चुकतात

फर्निचरवाले वापरतात तो पिवळसर, दोन्हीकडे लावून सुकवून चिकटवायचा रबरी गोंद पीव्हीसी शीटला लावू नका. पहिल्या दिवशी तो असा धरतो की खूश व्हाल. पण शीटला मऊ ठेवणारा द्रव हळूहळू त्या गोंदात उतरतो आणि गोंद च्युइंगगमसारखा होतो. वर्षभराच्या आत कोपरे उचलतात, मध्ये फुगे येतात, आणि दोष शीटवर येतो. ‘मरीन’ लिहिलेला पांढरा सुतारी गोंदही खुर्चीटेबलांसाठी बरा, बिल्जवर झोपणाऱ्या फळीसाठी नाही.

हवा दोन भागांचा पॉलियुरेथेन फ्लोअरिंग गोंद, बारीक दात्यांच्या पत्र्याने पसरलेला. चौरस मीटरला ४५० ग्रॅमच्या आसपास धरा, म्हणजे आपल्या केबिनला २ किलो. मे महिन्यात तो डब्यातच घट्ट व्हायला लागतो, त्यामुळे एका वेळी दोनच फळ्यांपुरता कालवा. शीटचे १.२४ × ०.६४ मीटरचे सहा तुकडे २ मीटर रुंदीतून तीन-तीनच्या दोन ओळींत निघतात, २.५ मीटर लांबी लागते, २.७ घ्या. कापलेले तुकडे सपाट जागी एक दिवस पसरून ठेवा, रोलचा बाक जाऊ द्या. खडीच्या कणांमुळे कटरचं पातं दर दीड-दोन मीटरला बोथट होतं. पाती स्वस्त आहेत, शीट नाही.

हे काम केबिनमध्ये नव्हे, सावलीत बाहेर करायचं. फळ्या सुट्या ठेवण्याचा हा दुसरा फायदा: बंद केबिनमध्ये गोंदाची वाफ कोंडत नाही. चिकटवल्यावर मधून कडेकडे लाटण्याने हवा काढा, वर प्लॅस्टिक, त्यावर दुसरी फळी उलटी, आणि वाळूच्या गोण्या रात्रभर. दुसऱ्या दिवशी शीट फळीच्या कडेपासून एक मिमी आत कापा आणि कापलेल्या कडेवर इपॉक्सीचा बारीक थर फिरवा. ॲल्युमिनियमची पट्टी कडेला मारायची पद्धत आहे. स्टेनलेस स्क्रू आणि खारी हवा यांच्या संगतीत ते ॲल्युमिनियम पांढरी पूड होऊन गळतं. टेकूवर ३ मिमी निओप्रीनची पट्टी चिकटवली की करकर थांबते. फेल्ट नको, ते पाणी धरून ठेवतं.

हंगाम

सगळ्यात मोठी गोची वेळेची आहे. यांत्रिक मासेमारीची बंदी १ जूनला लागते, बोटी वर ओढल्या जातात, शाकारल्या जातात, आणि मिस्त्रीला सवड मिळते ती नेमकी तेव्हाच. हवेत ९० टक्के आर्द्रता असेल तर लाकूड स्वतःमध्ये साधारण २० टक्के ओल धरतं; ६५ टक्क्यांना ती १२च्या आसपास असते. जुलैत इपॉक्सी मारणं म्हणजे ती ओल फळीत कुलूपबंद करणं. फुगे तिथूनच येतात. टेकू, फर्मा, कापणी पावसात उरका, पण इपॉक्सी आणि गोंद एप्रिल-मेमध्ये, नाहीतर थेट दिवाळीच्या आसपास. जुलैतच करणं भाग असेल तर फळ्या घरी न्या, बंद खोलीत दोन दिवस पंखा आणि दोन-तीन बल्ब लावून ठेवा, दोन सुयांच्या ओलावामापकावर १२ किंवा कमी आकडा दिसला की त्याच खोलीत काम संपवा. नारळी पौर्णिमेला तयार फळ्या नुसत्या आणून बसवायच्या.

प्रवासी लाँच किंवा हाउसबोट असेल तर शीट विकत घेण्यापूर्वी बोटीची तपासणी करणाऱ्या सर्व्हेअरला विचारा. बसच्या शीटवर आयएस १५०६१ ही आगीची चाचणी लिहिलेली असते, पण ती मोटारगाड्यांसाठी आहे. प्रवासी बोटीवर ती चालेल असं गृहीत धरू नका. जहाजांच्या चाचणीचं प्रमाणपत्र असलेली शीट मिळते, ती महाग पडते, आणि तपासणीच्या दिवशी सगळी जमीन उखडण्यापेक्षा स्वस्त पडते.

देखभाल म्हणाल तर गोडं पाणी, साधा साबण, आणि आठवड्यातून एकदा मधल्या दोन फळ्या उचलून दिवसभर वारा. ॲसिड आणि थिनर शीटला लावू नका. कडेचं इपॉक्सी वर्षातून एकदा नखाने तपासा. जिथे नख रुततं तिथे घासून, वाळवून नवा हात.

आणि फर्मे फेकू नका. बर्थखाली मावतात. त्यांच्यावर फळीचा क्रमांक, नाळेकडची बाजू आणि कोनांचे आकडे लिहून ठेवा, सोबत शीटचा एक हातभर तुकडाही गुंडाळून. दाराजवळची फळी सगळ्यात आधी बदलावी लागेल, तेव्हा बोट किनाऱ्याला यायच्या आतच नवी तयार असेल.